मधुमेह आणि यकृत: उशिरा लक्षात आलेलं नातं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात साठलेली चरबी, असं लिहून आलं की पुण्यात घरचे आजही चकित होतात, 'पण हे तर दारूला शिवत नाहीत!' डॉक्टरांनाही हे कोडं उलगडायला फार वेळ लागला.

यकृत स्वतः साखर तयार करतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्येच दाखवलं होतं. पण १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं आणि सगळं लक्ष ते बनवणाऱ्या स्वादुपिंडाकडे गेलं. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले. दारूचा संबंध नसूनही त्यांत मद्यपींसारखीच चरबी आणि सूज होती. यातले बरेच जण लठ्ठ होते, अनेकांना मधुमेह होता.

कारण असं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबीच्या पेशींतून मेदाम्लं सुटत राहतात आणि यकृतात येऊन पडतात. रक्तात वाढलेलं इन्सुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावतं, आणि तिकडे साखर सोडणं मात्र थांबत नाही. काहींमध्ये सूज येते, वर्षानुवर्षं व्रण साठतात आणि सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होण्यापर्यंत, मजल जाते. दुखत काहीच नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मग सडपातळ माणसाचं काय? इथे पुण्याचं काम मोलाचं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनाला सुमारे २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी; तरी अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. म्हणून 'मी कुठे जाड आहे' या समाधानावर आपल्याकडे विसंबता येत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तरी मधुमेहींचे डोळे, किडनी, पाय तपासले जातात, तसं यकृताचं होत नाही. एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल आली तरी व्रण असू शकतात. त्यांचा पहिला अंदाज 'फिब-४' या आकड्याने येतो. त्याला वय, एसजीओटी (अशीच दुसरी रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढंच लागतं, आणि ते बहुतेकांच्या फाइलमध्ये आधीच असतं.