मुलांच्या कला-संग्रहालयात तीन डॉलरांत प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

सवलतीच्या तिकिटासाठी संग्रहालयाकडे कुठला अर्ज द्यायचा, असं बरेच पालक विचारतात. कुठलाच नाही. अमेरिकेतल्या ‘म्युझियम्स फॉर ऑल’ योजनेत फॉर्म नाही की उत्पन्नाचा दाखला नाही. स्नॅप म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत (लोक अजून ‘फूड स्टॅम्प’च म्हणतात). ती ज्या कार्डावर जमा होते ते ईबीटी कार्ड तिकीट खिडकीवर दाखवायचं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र, झालं. अर्ज लागतो तो त्या कार्डासाठी, आणि माणसं अडकतात तीही तिथेच.

ही योजना २०१४ साली सुरू झाली. संग्रहालयं आणि ग्रंथालयांना मदत करणारी संघराज्य सरकारची संस्था आणि मुलांच्या संग्रहालयांची संघटना मिळून ती चालवतात. सामील झालेल्या संग्रहालयाने माणशी शून्य ते तीन डॉलरच घ्यायचे, एका कार्डावर निदान चौघांना सोडायचं, आणि ही सवलत रोजच्या सगळ्या वेळांत द्यायची, असा नियम आहे. म्हणजे गर्दीच्या शनिवारीही ती मिळते. ‘गरिबांचा वार’ वेगळा नसतो. माझ्या मते योजनेतली सगळ्यात शहाणपणाची अट हीच.

कार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी चालतं. काही ठिकाणी गरोदर बाया आणि लहान मुलांसाठीच्या ‘विक’ योजनेचं कार्डही घेतात, पण ते त्या त्या संग्रहालयावर आहे.

खिडकीवर पुष्कळ आया कार्ड पर्समधून अर्धंच बाहेर काढतात. मागच्या रांगेची लाज असते, आणि खात्यातले धान्याचे पैसे कापले जातील ही धास्तीही. पैसे कापले जात नाहीत. स्नॅपचे पैसे फक्त खाद्यपदार्थांवर खर्च होऊ शकतात, तिकिटावर नाही. कार्ड नुसतं बघतात. पिन कुणी विचारला तर सांगू नका, संग्रहालयाला त्याची गरजच नाही. तिकिटाचे दोन-तीन डॉलर मात्र वेगळे जवळ ठेवा.

कार्डासाठीचा अर्ज

नियम संघराज्य सरकारचे, अंमलबजावणी राज्याची. साधारणपणे घराचं एकूण मासिक उत्पन्न गरिबी रेषेच्या १३० टक्क्यांच्या आत लागतं, पण कित्येक राज्यांनी मर्यादा याहून वर नेली आहे. न्यूयॉर्कमध्ये कमावत्या कुटुंबाला आणि पाळणाघराचा खर्च करणाऱ्या कुटुंबाला जास्त सूट आहे. तेव्हा शेजारणीचा अर्ज नामंजूर झाला म्हणून आपला होईलच, असं धरून बसू नका.

कागद असे लागतात: ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, ज्यांच्यासाठी मदत मागताय त्यांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, साधारण गेल्या चार आठवड्यांच्या पगाराच्या स्लिपा, घरभाड्याची पावती किंवा करार, आणि पाळणाघराची बिलं. यातले शेवटचे दोन कागद माणसं विसरतात. भाडं आणि पाळणाघराचा खर्च हिशेबात धरला की मदतीची रक्कम वाढू शकते, म्हणून ते फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सगळे कागद जमेपर्यंत थांबायची गरज नाही. नाव, पत्ता आणि सही एवढं असलेला अर्जही कार्यालयाला घ्यावाच लागतो, आणि निकालाची मुदत त्याच दिवसापासून मोजतात. बाकीचे कागद मागून देता येतात. न्यूयॉर्क शहरात अर्ज ‘अॅक्सेस एचआरए’ या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, कागदी फॉर्म हवा असेल तर एलडीएसएस-४८२६ मागा. त्यानंतर मुलाखत होते, बहुधा फोनवर. इंग्रजी अडखळत असेल तर दुभाषी मागा. तो फुकट मिळतो. पोराला दुभाषी करू नका. पगाराचे आणि भाड्याचे आकडे त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं नाही.

निकाल ३० दिवसांत यायला हवा. हातात जवळपास काहीच पैसे नसतील किंवा भाडं-वीज मिळून उत्पन्नाहून जास्त जात असेल, तर सात दिवसांच्या आतली तातडीची मदत मिळू शकते. नामंजुरीचं पत्र आलं तर ९० दिवसांच्या आत सुनावणी मागता येते. अर्ज फुकट आहे. ‘काम करून देतो, पन्नास डॉलर द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

परदेशातून आलेल्यांसाठी

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळत नाही. ग्रीनकार्ड असलेल्या प्रौढांना बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, १८ वर्षांखालच्या मुलांना नाही. आईवडील अपात्र आणि मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर फक्त मुलासाठी अर्ज करता येतो. तेव्हा स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागत नाही, उत्पन्न मात्र दाखवावं लागतं. ग्रीनकार्डचा अर्ज चालू असेल तर आधी वकिलाला विचारा.

कार्ड नसेल तर

न्यूयॉर्कमध्ये दुसरा रस्ताही आहे, आणि त्यात उत्पन्न कुणी विचारत नाही. शहराच्या तिन्ही ग्रंथालय यंत्रणांनी २०१८ साली संग्रहालयांत फुकट प्रवेश देणारा ‘कल्चर पास’ सुरू केला. तेरा वर्षांवरच्या सभासदाने ग्रंथालयाचं कार्ड वापरून ऑनलाइन तारीख धरायची आणि पास फोनवर किंवा छापून न्यायचा. एका संग्रहालयाचा पास वर्षातून एकदाच मिळतो. लोकप्रिय जागांच्या तारखा भराभर संपतात, तेव्हा सुट्टीचा शनिवार हवा असेल तर आधीपासून लक्ष ठेवा.

ही खटपट कशासाठी, ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १५५व्या रस्त्यावर दिसतं. शुगर हिल मुलांचं कला आणि गोष्टींचं संग्रहालय २०१५ साली तिथे उघडलं. डेव्हिड अजाये यांनी रचलेली करडी, दणकट इमारत. जवळ गेलं की काँक्रीटच्या भिंतीवर गुलाब उमटलेले दिसतात. वर परवडणाऱ्या भाड्याची १२४ घरं, खाली बालवाडी आणि संग्रहालय. वरच्या घरातल्या पोराला चित्रं बघायला रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही. बाकीच्या वस्त्यांतल्या पोरांना मात्र आईबरोबर दोन गाड्या बदलून जावं लागतं, आणि खिडकीवर पोचल्यावर ‘आमच्याकडे ही सवलत नाही’ ऐकायला मिळालं तर पोराची समजूत कशी काढायची?

म्हणून निघण्याआधी एक फोन करा. प्रत्येक संग्रहालय योजनेत स्वतंत्रपणे सामील होतं, आणि मुलांची संग्रहालयं आठवड्याचे सगळे दिवस उघडी असतीलच असं नाही. तीन गोष्टी विचारून घ्या: ईबीटी कार्डावर किती जण आणि किती डॉलर, आज किती वाजेपर्यंत उघडं आहे, आणि रंगकामाच्या सत्राला वेगळी नोंदणी लागते का. तिसरं विसरलात तर पोरं काचेबाहेरून दुसऱ्यांचे रंगलेले हात बघत उभी राहतील.