बोनस कुणाच्या खुशीचा?

दिवाळी जवळ आली की एक निरोप फोनोफोनी फिरू लागतो: इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर नेला, महिना चार आठवड्यांचा धरला, त्यात वर्षाला चार आठवडे बुडाले, म्हणून दिवाळी बोनस सुरू झाला. गोष्ट ऐकायला छान आहे. पण बोनसची जी कागदोपत्री हकिगत आहे, ती मुंबईच्या गिरण्यांत सुरू होते, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत.

युद्धामुळे कापडाला भाव आला, गिरण्यांचा नफा फुगला आणि त्याच वेळी धान्य महागलं. कामगार टिकवायचा तर काहीतरी हातावर ठेवणं भाग होतं. १९१७ मध्ये गिरणीमालकांनी पगाराच्या १० टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, पुढच्या वर्षी तो १५ टक्क्यांवर गेला. युद्ध संपल्यावरही काही वर्षं महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळत राहिला. मालकांच्या लेखी ती खुशी होती. गिरणगावात मात्र उधारीचा हिशेब त्या रकमेच्या भरवशावर होऊ लागला होता.

१९२३ साली नफा घटला आणि मालकांनी हात आखडता घेतला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रश्न एकच होता: सलग काही वर्षं दिलेली भेट हक्क ठरते का? समितीचं उत्तर होतं, नाही. रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीनेही हा दावा टिकत नाही. दोन महिने उपाशीपोटी काढून कामगार रिकाम्या हाताने मागांवर परतले.

त्याच प्रश्नाचं उत्तर उलटायला पाव शतक लागलं. १९५० मध्ये गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही कामगार संघटना यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्रच घालून दिलं. ढोबळ नफ्यातून घसारा (यंत्रं-इमारतींची झीज), यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, कर, भागधारकांनी भरलेल्या भांडवलावर ६ टक्के आणि राखीव निधीवर त्याहून कमी परतावा वजा करा. उरलं त्यात कामगाराचा वाटा. नफा मालक आणि कामगार दोघांच्या कष्टाचा आणि हातात पडणारी मजुरी जगण्यापुरतीही नाही, ही त्यामागची भूमिका होती. भेटीचं रूपांतर हिशेबात झालं ते इथे, असं मला वाटतं.

पुढे बोनसच्या प्रश्नावर मेहेर आयोग आला आणि १९६५ चा बोनस कायदा झाला. पगाराच्या किमान ४ टक्के, कमाल २० टक्के. १९७२ मध्ये किमान दर ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बरोबर बारावा भाग. आणीबाणीत तो पुन्हा ४ वर आणला गेला, १९७७ मध्ये परत ८.३३. तोट्यातल्या कारखान्यालाही हा किमान बोनस चुकत नाही. १९८१ च्या दिवाळीआधी स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते दत्ता सामंतांकडे गेले, ते बोनसवरूनच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची ठिणगी तीच.

२०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची मर्यादा महिना १०,००० वरून २१,००० रुपयांवर नेली, पण हिशेबाला पगार धरायचा ठरला तो ७,००० किंवा किमान वेतन, यांतला जो जास्त असेल तो. सातच हजार धरले तर किमान बोनस वर्षाला जेमतेम सात हजार होई.

जे कायद्यानेच मिळणार, त्यासाठी मालकाचे आभार कोण मानणार? मग कायद्याबाहेरचं काहीतरी द्यावं लागतं. सुरतेचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१६ च्या दिवाळीत हिरे घडवणाऱ्या कारागिरांना आणि इतर कर्मचाऱ्यांना १,२६० मोटारी व ४०० घरं जाहीर केली, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या मोटारी मात्र पुन्हा मालकाच्या खुशीच्याच होत्या.