शार्कच्या पचनाचे दूरमापन

शार्कच्या जठरात संवेदक ठेवून, तो पोहत असतानाच तेथील तापमान, आम्लता इत्यादींतील बदल नोंदविण्याची पद्धती. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी दूरवर पोहोचत नाहीत. म्हणून माहिती ध्वनिस्पंदांद्वारे पाठवितात किंवा उपकरणातच साठवून ते हाती आल्यावर वाचतात. उपकरण बहुधा आमिषात दडवून गिळवितात. काही शार्क जठर उलटे करून तोंडाबाहेर काढतात व क्षणार्धात आत घेतात. त्यामुळे उपकरण अवेळी बाहेर पडण्याचा धोका असतो.

जॉन मॅकॉस्कर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या शार्कचे जठर सभोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण असल्याचे दाखविले. अशी ऊब पचनाचा वेग वाढवीत असावी, असे सामान्यतः मानतात.

उपाशी शार्कचे जठर आम्ल स्रवत राहते की अन्न आल्यावरच स्रवते, हा जुना वाद आहे. मृत प्राण्यांच्या जठररसावरून तो सुटणे कठीण होते. पापास्तामाटिऊ व लोव यांनी २००४ मध्ये लेपर्ड शार्कमध्ये पीएच-नोंदक वापरला (पीएच हे आम्लतेचे माप असून त्याचा अंक जितका कमी तितकी आम्लता जास्त). उपाशी स्थितीतही पीएच सुमारे १.५ राहिला, अन्न पोहोचताच तो वाढला आणि पुढे हळूहळू उतरला. ही वाढ अन्नाच्या प्रमाणाशी निगडित असल्याने, आम्लतेच्या आलेखावरून शार्कने केव्हा व साधारण किती खाल्ले याचा अंदाज बांधता येतो. नर्स शार्कमध्ये मात्र उपवासकाळी आम्लता मधूनमधून ओसरते, असे त्यांनाच पुढे आढळले. वारंवार खाणाऱ्या जातींत स्राव अखंड, तर क्वचित खाणाऱ्यांत खंडित असावा, हे त्यांचे स्पष्टीकरण सयुक्तिक वाटते. तथापि दोन जातींवरून सर्व शार्कविषयी नियम मांडता येणार नाही.

आम्लतेवरून अन्न आल्याचे कळते, पण ते जठरातून केव्हा निघाले हे नीट उमगत नाही. मायर व हॉलंड यांनी २०१२ मध्ये जठरातील द्रव्याचा विद्युत् अवरोध मोजून अन्नग्रहण, त्यानंतरचा रासायनिक टप्पा, अन्नाचे विघटन व जठर रिते होणे या अवस्था वेगळ्या ओळखल्या. या विषयातील ही महत्त्वाची प्रगती होय.

पांढऱ्या शार्कला किती अन्न लागते, याविषयीचे आकडेही दूरमापनामुळे बदलले. केरी व सहकाऱ्यांच्या १९८२ मधील अंदाजानुसार देवमाशाची ३० किग्रॅ. चरबी सुमारे दीड महिना पुरावी. हा अंदाज एकाच शार्कच्या स्नायूंच्या तापमानावर आधारलेला होता. सेमेन्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेपच्यून बेटांजवळील शार्कच्या पोहण्याच्या नोंदींवरून हा काळ सुमारे १२ ते १५ दिवसांवर आणला. तोच आज अधिक ग्राह्य धरावा.