कोकणातील रासायनिक खतांचा अतिवापर आणि पर्यावरण

पिकाला घेता येईल आणि जमिनीला धरून ठेवता येईल त्यापेक्षा अधिक रासायनिक खत शेतात पडले, की उरलेले खत माती, पाणी आणि हवा यांत मिसळून त्यांची हानी करते. घाटापलीकडील ऊस, केळी किंवा द्राक्षे पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या मानाने कोकणात हेक्टरी खत कमी वापरले जाते, त्यामुळे हा प्रश्न इकडचा नव्हेच असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. खत जास्त झाले की नाही हे पोत्यांच्या हिशेबावरून कळत नाही. ते कोणत्या मातीत, कोणत्या दिवशी आणि किती पावसात पडले हे पाहावे लागते, आणि कोकणची जमीन खताला फार थोडा वेळ थारा देते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बहुतेक माती जांभा खडकापासून बनलेली आहे. वर्षाला २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, झेलत आलेल्या या मातीतून चुना, मॅग्नेशियम व पालाश (पोटॅशियम) कधीच वाहून गेले असून लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आहेत. ही माती मुळातच आम्लधर्मी असते. युरियातील नत्राचे (नायट्रोजनचे) नायट्रेटमध्ये रूपांतर होताना आणखी आम्ल तयार होते, ॲल्युमिनियम विरघळून मुळांना इजा करते आणि उरलासुरला चुनाही धुपतो. नायट्रेट अशा मातीत टिकत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) नेमके उलट होते: लोह व ॲल्युमिनियम त्याला जखडून ठेवतात, पिकाला ते मिळत नाही, आणि खताचा गुण दिसला नाही म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी आणखी टाकतो. हे जखडलेले स्फुरद तांबड्या गाळासोबत खाडीत पोहोचते.

भाताच्या खाचरात हे सर्वांत स्पष्ट दिसते. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले, तरी एका गुंठ्याला हंगामभरात सुमारे सव्वादोन किलो युरिया पुरतो, आणि तोही हप्त्याहप्त्याने द्यायचा असतो. प्रत्यक्षात दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यांसाठी कोणी तराजू काढत नाही. युरिया मुठीने फोकला, म्हणजे विखरून टाकला जातो, आणि गडी मिळाले त्या दिवशी पुढच्या हप्त्याचाही त्यातच उरकला जातो. त्या रात्री पाऊस कोसळला की वरच्या खाचराचे पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून पऱ्यात किंवा व्हाळात आणि काही तासांत खाडीत उतरते, कारण सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची वाटच फार आखूड आहे. अगदी काळजीपूर्वक दिले तरी पाणथळ भात साधारणपणे फोकलेल्या नत्रापैकी ३० ते ४० टक्केच घेतो. बाकीचे अमोनिया होऊन उडते, वायुरूपाने निसटते किंवा झिरपते. खाचरातील निळे-हिरवे शेवाळ आणि अझोला हवेतील नत्र फुकट बांधून देतात. युरिया जास्त झाला की त्यांचे हे काम मंदावते. जादा नत्राचे भात हिरवेगार दिसते, पण ते लोळते, त्यावर करपा रोग व तपकिरी तुडतुडे ही कीड येते आणि मग फवारणी करावी लागते. पहिल्या पावसात ओढ्यांतून खाचरांपर्यंत येणाऱ्या चढणीच्या माशांच्या पिल्लांना पाण्यातला अमोनिया आणि हे कीटकनाशक, दोन्ही मारक ठरतात. ज्या गावांत हे मासे कमी होत आहेत, तिथे बंधारे, बेसुमार मासेमारी आणि फवारणी यांचा विचार होतो तसा खताचाही व्हायला हवा.

सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरील आंबा व काजूच्या बागांत धोका वेगळा आहे. जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर पडलेले पाणी त्यातून मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. दहा वर्षांवरील हापूसच्या झाडाला ५० किलो शेणखतासोबत दीड किलो नत्राची शिफारस आहे. शेणखत वगळून तेवढे नत्र ऐन पावसात आळ्यात एकदम ओतले, तर त्यातील बरेचसे मुळांखालून निघून जाते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. त्याहून अधिक नायट्रेटच्या पाण्यात पावडरचे दूध कालवून दिल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट ते थोडे दाट होते. ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी.

खाडीत पोहोचलेल्या नत्र व स्फुरदामुळे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळाशी राहणाऱ्या तिसऱ्या (शिंपले) व कालवे यांना त्याची झळ आधी बसते. कांदळवने यातील काही भार शोषून घेतात. खाडीत शहरी मैला आणि कारखान्यांचे सांडपाणीही येते, त्यामुळे सारा दोष शेतीवर टाकणे अन्यायाचे होईल. समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचे पाणी नैसर्गिकरीत्याच वर येते. जमिनीवरून येणाऱ्या नत्रामुळे ही स्थिती तीव्र होत असावी, असे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडले. अशा पाण्यातून आणि ओल्या शेतांतूनही नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो.

अतिवापरामागे किमतीचे गणितही आहे. २०१० पासून अन्य खतांचे अनुदान पोषकद्रव्यांवर आधारित झाले, पण युरिया त्यातून वगळला गेला. ४५ किलोचे युरियाचे पोते सुमारे २६६ रुपयांना, तर ५० किलोचे डीएपी (नत्र व स्फुरद देणारे डाय-अमोनियम फॉस्फेट) १,३५० रुपयांना मिळत असताना हात युरियाकडेच जातो. २०१५ पासून युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाल्याने त्यातील नत्र जरा सावकाश सुटते.

कोकणासाठी अधिक उपयोगी उपाय म्हणजे भाताची चारसूत्री लागवड: भाताच्या तुसाची राख व पेंढा जमिनीत परत घालणे, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी करणे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. खोलवर गेलेले नत्र वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे बांध फुटला तरी ते फारसे वाहून जात नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानेही अशा गोळ्यांची शिफारस केली आहे. अडचण मजुरीची आहे, कारण वाकून एकेक गोळी खोचायला फोकण्यापेक्षा कितीतरी वेळ लागतो. मात्र हे काम लावणीनंतर एकदाच करावे लागते आणि पुढच्या हप्त्यांची मजुरी वाचते.