वाहन ओळख क्रमांक

मोटारगाडी, दुचाकी, ट्रक, बस इत्यादी वाहनांच्या सांगाड्यावर कारखान्यातच उमटविला जाणारा १७ चिन्हांचा क्रमांक. व्यवहारात तो ‘चासी नंबर’ या नावानेच ओळखला जातो. ‘चासी’ हा शब्द चौकट या अर्थाच्या फ्रेंच ‘शासी’वरून आला असून त्याचे मूळ पेटीवाचक लॅटिन ‘काप्सा’ या शब्दापर्यंत नेले जाते. गोव्यापुरता तो पोर्तुगीजमार्गे आला असावा, असा तर्क सुचण्याजोगा आहे. मात्र पोर्तुगीजमध्येही आरंभीचा उच्चार ‘श’ असाच होत असल्याने त्या वाटेने ‘शासी’ हे रूप रूढ व्हावयास हवे होते. रूढ ‘च’ हा इंग्रजी अक्षरे वाचून आलेला दिसतो व म्हणून इंग्रजीचा मार्ग अधिक संभवनीय वाटतो.

या क्रमांकाचा आरंभ कधी झाला, याबाबत मतभेद आहेत. अमेरिकी उत्पादकांनी १९५४ च्या सुमारास तो वापरात आणला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. तथापि त्या काळी प्रत्येक कंपनीची चिन्हांची संख्या व मांडणी वेगळी होती, आणि इंजिनावर किंवा सांगाड्यावर अनुक्रमांक कोरण्याची चाल त्याहूनही जुनी आहे. आजच्या अर्थाने विचार करता आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे आयएसओ ३७७९ हे मानक (१९७७) व अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून झालेली १७ चिन्हांची सक्ती येथूनच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार चासी व इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना व वर्ष वाहनावर उमटविणे बंधनकारक आहे. क्रमांकाची रचना एआयएस-०६५ या मानकात दिली आहे.

क्रमांकात रोमन अक्षरे व अंक दोन्ही येतात. १ व ० या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत. त्यांपैकी एखादे कागदावर आढळल्यास ती लिहिणाऱ्याची चूक समजावी. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची असतात. भारताकडे एम-ए ते एम-ई व पुढे एम-झेड हे आरंभ आहेत: एम-ए-३ म्हणजे मारुती सुझुकी, एम-ए-टी टाटा, एम-डी-२ बजाज, एम-बी-एल हिरो, एम-ई-४ होंडाच्या दुचाकी. चौथ्यापासून नवव्यापर्यंतची चिन्हे वाहनाचा प्रकार, बांधणी, इंजिन इत्यादी तपशील सांगतात. त्यांचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो. शेवटची आठ चिन्हे त्या एकाच वाहनाची असतात व त्यांच्या अखेरीस अनुक्रमांक येतो.

नववे चिन्ह उत्तर अमेरिका व चीन येथे पडताळा अंक म्हणून वापरले जाते. प्रत्येक चिन्हाला ठरलेले मूल्य देऊन त्यास स्थानाच्या भाराने (८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २) गुणतात, बेरजेला ११ ने भागतात आणि उरलेली बाकी नवव्या जागी असावी लागते. बाकी १० उरल्यास ‘एक्स’ लिहितात. सतराही जागी १ लिहून पाहिल्यास बेरीज ८९ व बाकी १ येते, म्हणजे पडताळा जुळतो. भारतात ही सक्ती नसल्याने येथील क्रमांक या गणिताने खोटा ठरविणे चुकीचे होय.

दहावे चिन्ह पुष्कळदा वर्ष दाखविते. २०१० साठी ‘ए’ धरून पुढे जाताना २०१७ ला ‘एच’, २०१८ ला (‘आय’ वगळून) ‘जे’ आणि २०२४ ला ‘आर’ येतो. यू, झेड व शून्यही या स्थानी घेत नाहीत. हे चक्र ३० वर्षांनी फिरत असल्याने ‘ए’ १९८० चाही असू शकतो. सर्वच भारतीय उत्पादकांनी सर्वकाळ ही रीत पाळलेली नाही, महिन्याच्या चिन्हाची जागाही सारखी नसते. त्यामुळे जुने वाहन घेताना आरसीवरील उत्पादनाचा महिना व वर्ष हेच प्रमाण मानणे इष्ट.

नोंदणी क्रमांक बदलू शकतो, चासी क्रमांक बदलत नाही. गोवा, दमण व दीव संघप्रदेशाच्या काळातील ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या पाट्या मागे पडून राज्याचा ‘जीए’ आला. परराज्यातून आणलेली गाडीही येथे नोंदविताना नवी पाटी घेते, आणि तिची ओळख सांगाड्यावरील अक्षरांनीच पटते. म्हणून ना हरकत दाखल्यासाठीच्या नमुना २८ वर चासीचा पेन्सिल ठसा मागितला जातो. दुचाकीवर बहुधा हँडल ज्या नळीत फिरते तिच्या बाजूला क्रमांक असतो. तेथील ग्रीस व धूळ पुसून पातळ कागद घट्ट धरायचा व पेन्सिल आडवी फिरवायची, की अक्षरे पांढरी उमटतात. कोलवा, कळंगुटसारख्या किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने व चार महिन्यांच्या पावसाने पत्रा गंजतो आणि ८ चा ३ किंवा बी भासू लागतो. अशा वेळी गॅरेजात सॅंडपेपर वा ग्राइंडर मारून घेऊ नये, कारण घासलेला क्रमांक तपासणीत छेडछाड केल्यासारखा दिसतो. गंज मऊ ब्रशने व तेलाने सोडवावा, आणि तरीही अक्षरे न लागल्यास फेरकोरणीसाठी आधी वाहतूक खात्याची परवानगी घ्यावी.