परदेशात एमएफए करायचंय? नाशिकहून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता, पैसा आणि कागदपत्रं

बीएफएच्या (ललित कलेतल्या पदवीच्या) शेवटच्या वर्षातली मुलं चौकशीला येतात तेव्हा कॉलेजांची यादी त्यांच्या हातात तयार असते. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, अमेरिकेतलं येल, शिकागोचं स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट. नावं उत्तमच आहेत. पण पैसे कुठून येणार हे न ठरवता केलेल्या यादीतली बरीच नावं पुढे गळतात, आणि तोवर अर्जांची फी, इंग्रजीची परीक्षा आणि मुख्य म्हणजे एक अख्खं वर्ष खर्ची पडलेलं असतं. पैशाची वाट आधी ठरवा, कॉलेजं त्या वाटेवरची निवडा. पुढे आधी पात्रता, मग पैसा आणि शेवटी कागदपत्रं असा क्रम आहे.

पदवी आहे की पदविका?

अमेरिकेतलं एमएफए म्हणजे ललित कलेतली पदव्युत्तर पदवी असो की ब्रिटनमधलं एमए, पहिली अट विद्यापीठाच्या पदवीची असते. आपल्याकडे इथेच अनेकांचं अडतं. महाराष्ट्रात कितीतरी चांगले चित्रकार जी. डी. आर्ट करून तयार झाले आहेत. त्यांचा हात बीएफएवाल्यांपेक्षा तसूभर कमी नसतो, पण जी. डी. आर्ट ही शासनाची पदविका आहे, विद्यापीठाची पदवी नाही. एटीडी आणि ए. एम. या कलाशिक्षकांच्या पदविकांचंही तसंच. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं पदवीशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत. ब्रिटनमधल्या काही कला महाविद्यालयांत मात्र व्यावसायिक अनुभव आणि पोर्टफोलिओ पाहून पदवीच्या समकक्ष धरण्याची सोय असते. जी. डी. आर्ट झालेल्यांनी फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करावा, अभ्यासक्रमाची वर्षं आणि विषय कळवावेत आणि लेखी उत्तर घ्यावं.

दुसरा मार्ग आपल्या गावातच आहे. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून बीए करता येतं. एमएफएच्या अनेक अभ्यासक्रमांत पदवी कलेतलीच हवी अशी सक्ती नसते, कारण निवड पोर्टफोलिओवर होते. तीन वर्षं जातात हे खरं. पण ती पदवी पुढे सरकारी शिष्यवृत्तीलाही उपयोगी पडते.

इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये साधारण ६.५ ते ७ बँड मागतात. एमएफएला जीआरई सहसा लागत नाही, त्यामुळे त्याच्या क्लासची फी वाचवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं घरी जपून ठेवा, अर्जाला ती जोडायची नसतात.

सरकारी शिष्यवृत्ती आणि क्रमवारीची अट

सगळ्यात मोठी मदत राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तींची होऊ शकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचं काम पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयातून चालतं. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांच्या योजनेचं आयुक्तालय तर नाशिकमध्येच, गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात आहे. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या किती मुलांच्या हातात रंगरेषा आहेत हे आपण पाहतो. त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचलीच पाहिजे.

आता मुख्य अडचण. या योजनांत क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट असते. राजर्षी शाहू योजनेत विद्यापीठ पहिल्या २०० मध्ये लागतं. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट हे कला आणि डिझाइन या विषयाच्या क्यूएस यादीत अनेक वर्षं पहिलं आहे, पण विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत त्याचं नावच नाही, कारण तिथे फक्त कलाच शिकवतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचंही तेच. योजनेचा अर्ज तपासणारा कर्मचारी सर्वसाधारण यादी उघडतो, आणि जगातलं पहिलं कॉलेज त्याला सापडत नाही.

म्हणून सरकारी शिष्यवृत्तीच्या भरवशावर जाणाऱ्यांनी मोठ्या विद्यापीठाच्या पोटातला कला विभाग शोधावा. लंडनचं स्लेड हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा भाग आहे. रस्किन स्कूल ऑक्सफर्डचं आहे. एडिंबरा कॉलेज ऑफ आर्ट २०११ पासून एडिंबरा विद्यापीठात सामावलं आहे. अमेरिकेत येल, कोलंबिया, लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फिनलंडमधलं आल्टो, हीसुद्धा अशीच. शिक्षणाच्या दर्जात यातलं कुठलंही कमी नाही.

कागदपत्रं म्हणजे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘आयईएलटीएस आल्यावर प्रवेश पक्का’ असं सशर्त पत्र चालत नाही, म्हणून इंग्रजीची परीक्षा अर्जाआधीच उरका. उत्पन्नाची मर्यादा, गुणांची अट आणि मिळणारी कमाल रक्कम शासन निर्णयानुसार बदलते, तेव्हा मागच्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः शेवटपर्यंत वाचा. जात वैधतेला महिने लागतात. ते काम बीएफएच्या तिसऱ्या वर्षातच हाती घ्या.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे, पण २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास या विषयांवरचा अभ्यास त्यातून वगळला आहे. कलेच्या विद्यार्थ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

खासगी मदत

इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन ललित कलांसाठी शिष्यवृत्ती देतं, कमाल १ लाख डॉलरपर्यंत. अर्ज करताना प्रवेश हातात असावा लागतो आणि वयाची मर्यादा साधारण तिशीची आहे. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला विषयाचं बंधन नाही, पण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच घेतात. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तिच्यात कला व्यवस्थापन, वारसा जतन आणि संग्रहालयशास्त्र आहे, स्टुडिओतली चित्रकला-शिल्पकला नाही.

अमेरिकेत मोठी सवलत बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच मिळते. तिथल्या खासगी कला महाविद्यालयांत अनेक ठिकाणी नुसती शिकवणी फीच वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे आहे आणि एमएफए दोन-तीन वर्षांचं असतं. उलट काही सरकारी विद्यापीठं एमएफएच्या मोजक्याच मुलांना घेतात आणि शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ करून दरमहा विद्यावेतन देतात. या विद्यापीठांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही, गावंही आडबाजूची असतात. तरी मी म्हणेन की यादीत निदान तीन अशी हवीतच. प्रवेशपत्र आल्यावर मदतीची रक्कम वाढवून मागण्यात संकोच करू नका, दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र असेल तर जरूर दाखवा. अनेक विद्यापीठांत आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

जर्मनीचा पर्याय

पैशाची ओढाताण असेल तर जर्मनीकडे गांभीर्याने पाहा. तिथल्या सरकारी कला अकादमींत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, सहामाहीचं किरकोळ शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवायचे असतात, ते दरमहा हप्त्याने परत मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतं, त्याची फी १८ हजार रुपये. डाड या संस्थेच्या शिष्यवृत्तींत ललित कला आणि डिझाइनसाठी वेगळा गट आहे. अनेक अकादमींत जर्मन भाषा लागते, पण वायमारच्या बाउहाउस विद्यापीठात सार्वजनिक कलेचा इंग्रजीतला एमएफए आहे. एका वर्षात जर्मन शिकणं अवघड आहे, अशक्य नाही.

शैक्षणिक कर्ज

सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या घरांची अडचण अशी की मालमत्ता बहुतेकदा शेतीची असते. द्राक्षबाग कितीही चांगली असली तरी सातबाऱ्यावरची शेतजमीन या कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी चालते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली चित्रपटाचं तंत्र शिकायला लंडनला गेले, तेही विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढूनच.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. परदेशी शिक्षणाला एकूण खर्चाचा काही भाग, साधारण १५ टक्के, स्वतः घालावा लागतो. कर्जाच्या पैशातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. घरचे पैसे वर्षात १० लाखांच्या पुढे पाठवले की कापला जातो, पण तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. जुनी करप्रणाली निवडली असेल तर व्याजावर आयकरात वजावट मिळते.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. चित्रकलेच्या एमएफएसाठी राहतं घर तारण ठेवून ५०-६० लाखांचं कर्ज काढू नका. अमेरिकेत शिकून झाल्यावर कामासाठी मिळणारी मुदत स्टुडिओ आर्टवाल्यांना १२ महिन्यांचीच असते, आणि चित्रकाराचं उत्पन्न पहिली काही वर्षं बँकेच्या हप्त्याच्या तारखा पाळत नाही. हप्त्यांपायी ब्रश खाली ठेवावा लागला तर शिक्षणाचा हेतूच संपतो. एक वर्ष थांबून, काम वाढवून, पुन्हा अर्ज करणं केव्हाही बरं.

पोर्टफोलिओ, पत्रं आणि तारखा

बहुतेक ठिकाणी गेल्या दोन-तीन वर्षांतली १० ते २० कामं मागतात. अमेरिकेत ती सहसा स्लाइडरूम या संकेतस्थळावर चढवायची असतात. प्रत्येक कामाचं शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार लिहायचा. फोटो दिवसाच्या पसरलेल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, काच काढून घ्या.

नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे आणि गोदाघाट रंगवल्याशिवाय इथल्या कुणाचं शिक्षण पुरं होत नाही. पण वीसपैकी पंधरा चित्रं घाटाची असतील तर परीक्षकाला कौशल्य दिसेल, चित्रकार दिसणार नाही. त्यांना पाहायचं असतं की तुम्हाला कसला प्रश्न पडला आहे आणि तुम्ही त्याचा पिच्छा कसा पुरवता. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहर बदलतं आहे. त्या बदलावर एखाद्याने वर्षभर रेखाटनं, फोटो, गोळा केलेल्या वस्तू यांतून काम केलं, तर त्यात घाटही येईल आणि विचारही. वर्गातली स्टिल लाइफ, मेमरी ड्रॉइंग, ऑर्डरची पोर्ट्रेट्स बाजूला ठेवा.

निवेदनात लहानपणीच्या आवडीपासून सुरुवात नको. सध्या काय करताय, का करताय आणि त्याच विभागात का जायचंय, एवढं पानभरात लिहा. शिफारसपत्रं सहसा तीन लागतात आणि शिक्षकांनी ती स्वतः ऑनलाइन भरायची असतात. ‘तूच लिहून आण’ असं सर म्हणाले तर त्यांना तुमच्या कामांची टिपणं द्या आणि चार ओळी त्यांच्याच शब्दांत लिहायची विनंती करा. विद्यार्थ्याच्याच भाषेतली तीन पत्रं लगेच ओळखू येतात.

अमेरिकेच्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात, वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात. पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) ऑनलाइन अर्ज दिवाळीच्या आधी करा.

व्हिसा

अमेरिकेसाठी विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचं पत्रक आल्यावर ३५० डॉलर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा फी. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगळ्या असतात, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. मुलाखत सकाळी लवकरची असेल तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच मुंबई गाठा.

ब्रिटनसाठी फीव्यतिरिक्त राहण्याचे पैसे दाखवायचे असतात: लंडनला दरमहा १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र असेल तर ही अट येत नाही. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, शिवाय क्षयरोगाची तपासणी.

नावाचा मेळ मात्र सगळ्यात आधी पाहा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव पहिलं आणि कधी शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर स्पेलिंग तिसरंच. किरकोळ फरक प्रतिज्ञापत्राने सहसा निभावतो. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावाची नोंद करून मग पासपोर्ट दुरुस्त करावा लागतो, आणि आयईएलटीएसची नोंदणी त्या दुरुस्त पासपोर्टवरच करायची असते.