बॅटरी सुधारेपर्यंत थांबायचं का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गाडी आत्ताच घ्यावी की बॅटरी आणखी चांगली होईपर्यंत कळ काढावी, हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग मोटारगाडीने पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, आणि ती गाडी विजेची होती. वेगात ती कमी नव्हती, अडचण वजनाची होती. त्या वेळच्या शिसे-आम्ल बॅटरीचा मूळ शोध १८५९ चा, प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाचा. आजही या प्रकारच्या एक किलो बॅटरीत जेमतेम ३०-४० वॉट-तास वीज मावते. एडिसनने निकेल-लोखंडाची बॅटरी करून पाहिली, पण तोवर पेट्रोल गाडी पुढे निघाली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, हँडल फिरवण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदा हातचा गेला.

पुढची खरी उडी लिथियमची. १९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये गुडइनफ, १९८५ मध्ये योशिनो या शास्त्रज्ञांनी लिथियम-आयन बॅटरी टप्प्याटप्प्याने घडवली. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण लिथियम-आयनवर चालणारी टेस्ला रोडस्टर रस्त्यावर यायला २००८ उजाडलं. सॉलिड-स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या नव्या बॅटरीची बातमी वाचून गाडी घेणं पुढे ढकलणाऱ्यांनी हा काळ जरूर लक्षात घ्यावा.

बॅटरी लवकर झिजेल किंवा अंतराला पुरणार नाही, या धास्तीचं मूळ मात्र अगदी खरं आहे. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफमध्ये २४ किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि अमेरिकेतल्या अधिकृत चाचणीत तिची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचं अंतर, सुमारे ११७ किलोमीटर भरली. बॅटरी थंड ठेवायची वेगळी सोय तिच्यात नव्हती. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात एकदोन वर्षांतच काही मालकांच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी कायमची विझू लागली. अशा अनुभवांनंतर कंपनीला बॅटरीच्या क्षमतेचीही हमी द्यावी लागली. आज बहुतेक गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड ठेवली जाते, आणि आठ वर्षांत क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती किंवा बदल, ही हमी सर्रास मिळते. रेंज तर बहुतेक गाड्यांत तेव्हाच्या दुपटीपुढे गेली आहे.

किमतीचंही तसंच. २०१० मध्ये बॅटरीचा एक किलोवॉट-तास हजार डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत सरासरी ११५ डॉलर निघाला. कोबाल्ट-निकेल नसलेल्या लोह-फॉस्फेट बॅटरीने यात मोठा हात दिला. ती थोडी जड, पण स्वस्त आणि टिकाऊ. या घसरणीची झळ जुन्या गाडीच्या पुनर्विक्रीला बसते, म्हणून दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने सावध राहणं योग्यच.

रात्री घरी चार्जिंगची सोय आहे, रोजचं धावणं रेंजच्या निम्म्यातही बसतं आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे, अशांना थांबून फारसं काही मिळेल असं मला वाटत नाही. घरी प्लगच नसेल, तर मात्र थांबण्याचं कारण बॅटरी नाही, चार्जिंग आहे. त्यांनी आधी जवळच्या चार्जरची चौकशी करावी.